लग्नाच्या कॅसेटची डीव्हीडी केली आणि आवाज मागे पडला? दोष कुठे असतो आणि तो कसा काढायचा?

कपाटातून लग्नाची जुनी व्हीएचएस कॅसेट निघते. कोणाकडून तरी चालू स्थितीतला व्हीसीआर मिळतो, कॅप्चर कार्ड आणले जाते, दोन रविवार खपून घरच्या घरी डीव्हीडी तयार होते. सगळे टीव्हीसमोर बसतात. सुरुवातीला सीमांतपूजन अगदी छान दिसते. पण पाऊण तासाने मंगलाष्टके सुरू होतात तेव्हा भटजींचे ओठ मिटल्यावर त्यांचा आवाज येतो, आणि पंगतीत आजी नाव घेते तेव्हा तर ओठ एका ओळीवर आणि शब्द दुसऱ्या ओळीवर.

यालाच ऑडिओ-व्हिडिओ सिंक बिघडणे म्हणतात. घरी डीव्हीडी करणाऱ्यांना सर्वांत जास्त छळणारा हा दोष आहे. बहुतेक जण इथे एक चूक करतात: अंदाजाने आवाज थोडा पुढे-मागे सरकवतात आणि पुन्हा डिस्क बर्न करतात. मग शेवट जुळतो, पण सुरुवात बिघडते. चार-पाच डिस्का फुकट गेल्यावर नाद सोडला जातो.

खरे तर हा दोष तीन प्रकारचा असतो आणि तिन्हींचा इलाज वेगळा आहे. कोणता प्रकार आहे हे पाच मिनिटांत मोजून कळते. म्हणून आधी मोजायचे आणि मगच दुरुस्तीला हात घालायचा.

कॅसेटवर जुळते, संगणकात का बिघडते?

व्हीएचएस कॅसेटमध्ये चित्र आणि आवाज एकाच फितीवर असतात. फीत थोडी हळू किंवा जोरात फिरली तरी दोन्ही एकत्रच हळू-जोरात जातात. त्यामुळे त्यांच्यात अंतर वाढत जाण्याचा प्रश्न येत नाही.

संगणकात मात्र तसे नसते. चित्र म्हणजे ठरावीक गतीने येणाऱ्या फ्रेम. भारतात वापरल्या जाणाऱ्या पाल पद्धतीत सेकंदाला २५ फ्रेम असतात, म्हणजे एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. आवाज म्हणजे सेकंदाला हजारो वेळा घेतलेली मोजमापे, ज्यांना सॅम्पल म्हणतात. सीडीवर सेकंदाला ४४,१०० आणि डीव्हीडीवर साधारणपणे ४८,००० सॅम्पल असतात. चित्राचे घड्याळ वेगळे, आवाजाचे वेगळे. ही दोन घड्याळे एका चालीने चालली तर सिंक टिकतो. एकाने चाल बदलली किंवा काही फ्रेम मध्येच गळल्या की बिघाड सुरू होतो.

किती फरक डोळ्यांना खटकतो?

आवाजाला हवेतून एका सेकंदात सुमारे ३४३ मीटर जाता येते. म्हणून मैदानाच्या दुसऱ्या टोकाला चेंडू मारलेला आधी दिसतो आणि बॅटचा आवाज किंचित उशिरा येतो. आवाज थोडा मागून येण्याची मेंदूला सवय आहे. आवाज आधी आणि कृती नंतर हे मात्र निसर्गात कधी घडत नाही, त्यामुळे ते लगेच खटकते.

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने १९९८ साली दूरचित्रवाणीसाठी केलेल्या शिफारशीतही हाच फरक दिसतो. आवाज चित्राच्या सुमारे ४५ मिलिसेकंद पुढे गेला की तो प्रेक्षकाला जाणवू लागतो. मागे मात्र सुमारे १२५ मिलिसेकंद पडेपर्यंत चालून जातो. पालच्या हिशेबात म्हणजे पुढे एक फ्रेम आणि मागे तीन फ्रेम. घरच्या डीव्हीडीसाठी हेच माप पुरेसे आहे. दुरुस्ती करताना अगदी मिलिसेकंद जुळला नाही तर आवाज किंचित मागे राहू द्यावा, पुढे जाऊ देऊ नये.

आधी खात्री करा: दोष डिस्कमध्येच आहे ना?

डिस्कला दोष देण्याआधी टीव्ही तपासावा. आजचे सपाट टीव्ही चित्र दाखवण्यापूर्वी त्यावर बरीच प्रक्रिया करतात आणि त्यात चित्राला उशीर होतो. टीव्हीचे स्वतःचे स्पीकर सहसा तेवढेच थांबतात. पण प्लेअरचा आवाज थेट वेगळ्या होम थिएटरला जोडला असेल तर तो चित्राच्या आधी पोहोचतो. ब्लूटूथ स्पीकरच्या बाबतीत उलटे होते, त्यात आवाजालाच उशीर होतो.

तपासण्याची पद्धत सोपी आहे. बाजारातून आणलेली एखाद्या चित्रपटाची डीव्हीडी त्याच प्लेअरवर, त्याच टीव्हीवर लावून पाहावी. तिच्यातही ओठ आणि आवाज जुळत नसतील तर घरची डिस्क निर्दोष असू शकते. अशा वेळी टीव्हीच्या किंवा अॅम्प्लिफायरच्या सेटिंगमध्ये 'लिप सिंक', 'एव्ही सिंक' किंवा 'ऑडिओ डिले' या नावाचा पर्याय शोधावा. टीव्हीवर 'गेम मोड' असेल तर तो लावल्यानेही चित्राचा उशीर कमी होतो.

चित्रपटाची डिस्क ठीक चालते आणि घरचीच बिघडते, तर पुढची पायरी मोजण्याची.

तीन जागी मोजा

कॅप्चर केलेली फाइल संगणकावर उघडावी आणि सुरुवातीला, मध्यावर आणि शेवटी अशा तीन जागा शोधाव्यात. जागा अशी हवी की जिथे एक ठसठशीत कृती दिसते आणि तिचा आवाजही ऐकू येतो. लग्नाच्या चित्रीकरणात अशा जागा भरपूर सापडतात: नारळ फोडणे, ताशावर पडणारी काडी, टाळ्या, जमिनीवर पडलेले भांडे. नुसत्या बोलण्यावरून मोजायचे तर 'प', 'ब', 'म' ही अक्षरे पकडावीत, कारण ती उच्चारताना ओठ स्पष्टपणे मिटतात.

एक खबरदारी घ्यावी. लग्नाच्या जुन्या कॅसेटमध्ये छायाचित्रकाराने बऱ्याच भागावर चित्रपटाची गाणी चढवलेली असतात. तो भाग मोजायला निरुपयोगी आहे. मूळ आवाज असलेला तुकडाच निवडावा.

मोजण्यासाठी व्हीएलसी हा मोफत प्लेअर पुरतो. विंडोज आणि लिनक्सवर त्यात 'के' हे बटण दाबले की आवाज ५० मिलिसेकंद उशिरा येतो आणि 'जे' दाबले की ५० मिलिसेकंद लवकर. जुळेपर्यंत दाबत जावे आणि पडद्यावर दिसणारा आकडा लिहून ठेवावा. यामुळे फाइल बदलत नाही, फक्त फरक किती ते समजते.

तीन आकडे हाती आले की दोषाचा प्रकार कळतो:

• तिन्ही ठिकाणी आकडा सारखाच: स्थिर फरक.
• आकडा सुरुवातीला कमी, मध्यावर त्याहून जास्त, शेवटी सर्वांत जास्त, आणि वाढ एकसारखी: घसरत जाणारा फरक.
• बराच वेळ ठीक आणि मग एकदम उडी: गळलेल्या फ्रेमचा फरक. शंका असेल तर आणखी दोन-तीन जागा मोजाव्यात.

प्रकार पहिला: स्थिर फरक

हा सर्वांत सोपा. कॅप्चर सुरू होताना आवाज आणि चित्र यांपैकी एक थोडे आधी सुरू झालेले असते. दुसरे कारण म्हणजे एमपेग फाइलमधून आवाज आणि चित्र वेगवेगळे काढताना त्यांच्यातला मूळचा उशीर हरवणे. काही सॉफ्टवेअर हा उशीर आवाजाच्या फाइलच्या नावातच लिहितात. नावात 'डिले' आणि त्यापुढे आकडा दिसला तर तो दुर्लक्षू नये. जोडताना तोच आकडा द्यायचा असतो.

इलाज म्हणजे संपूर्ण आवाज तेवढ्याच मिलिसेकंदांनी सरकवणे. एव्हीआय फाइलसाठी व्हर्च्युअलडब या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ऑडिओच्या यादीतील 'इंटरलीव्हिंग' या पर्यायात आवाज सरकवण्याची जागा आहे. तिथे अधिक आकडा दिला की आवाज उशिरा येतो, उणे दिला की लवकर. व्हिडिओसाठी 'डायरेक्ट स्ट्रीम कॉपी' निवडून फाइल नव्या नावाने साठवली की चित्राचा दर्जा जराही न घटता काम होते. कोणत्याही एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये आवाजाची पट्टी चित्रापासून सुटी करून ओढली तरी हेच साधते.

प्रकार दुसरा: घसरत जाणारा फरक

इथे आवाज सरकवून काहीच उपयोग नाही. सुरुवात जुळवली तर शेवट बिघडतो, शेवट जुळवला तर सुरुवात. इथे आवाजाची लांबीच चुकलेली असते. किती चुकली यावरून कारण ओळखता येते.

एका तासात सुमारे ३.६ सेकंदांचा फरक पडत असेल तर कुठेतरी २९.९७ फ्रेम आणि ३० फ्रेम यांचा घोळ झाला आहे. अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या एनटीएससी पद्धतीत रंगीत चित्राचा वेग सेकंदाला ३० नसून २९.९७ फ्रेम असतो. अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून आलेल्या कॅसेटच्या बाबतीत ही गोष्ट हमखास तपासावी.

एक तासाचा आवाज ५५ मिनिटांच्या आसपास संपतो आणि सगळे बारीक आवाजात, घाईघाईने बोलतात? मग ४४,१०० सॅम्पलचा आवाज ४८,००० समजून वाजवला गेला आहे. तो न ताणता मूळ फाइल योग्य सॅम्पल रेटने पुन्हा उघडावी आणि रीतसर ४८,००० मध्ये रूपांतरित करावी.

फरक तासाला सेकंदाच्या काही भागाइतकाच असेल तर बहुधा दोन घड्याळांची चाल वेगळी आहे. चित्र कॅप्चर कार्डातून आणि आवाज साउंड कार्डाच्या लाइन-इनमधून घेतला की असे होते, कारण दोन्ही उपकरणांत वेगवेगळे क्रिस्टल असतात. दोघांत दहा लाखांत ५० भागांचा फरक असला तरी तासाला ०.१८ सेकंद, म्हणजे साडेचार फ्रेम, इतके अंतर पडते. तीन तासांच्या चित्रीकरणात ते अर्ध्या सेकंदाच्या वर जाते. आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर किंवा मोबाइलवर घेतला असेल तरीही हेच घडते.

दुरुस्तीचा हिशेब असा करावा. समजा दुसऱ्या मिनिटाला आवाज ०.१ सेकंद मागे आहे आणि बासष्टाव्या मिनिटाला १.९ सेकंद मागे. म्हणजे ६० मिनिटांत तो १.८ सेकंदांनी घसरला. चित्रातले ३,६०० सेकंद आवाजाने ३,६०१.८ सेकंदांत गाठले. १.८ भागिले ३,६०० म्हणजे ०.०५ टक्के. आवाजाचा वेग तेवढा वाढवायचा.

ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये आवाज उघडून त्याचा वेग ०.०५ टक्क्यांनी वाढवता येतो. वेग वाढवला की सूरही चढतो, पण इथे काळजीचे कारण नाही. पेटीवरच्या शेजारच्या दोन पट्ट्यांमध्ये जवळपास ६ टक्क्यांचे अंतर असते, ०.०५ टक्के कानाला कळतही नाही. फरक अनेक टक्क्यांचा असेल तेव्हाच सूर न बदलता वेग बदलणारा 'टेम्पो'चा पर्याय वापरावा, कारण त्यात आवाज थोडा खरखरीत होऊ शकतो.

दुसरा मार्ग चित्राचा वेग बदलण्याचा. व्हर्च्युअलडबमध्ये फ्रेम रेटच्या चौकटीत चित्राची लांबी आवाजाच्या लांबीइतकी करणारा पर्याय आहे. तो सोपा असला तरी त्याने फ्रेम रेट २५ च्या जागी अपूर्णांकात जातो आणि डीव्हीडीसाठी तो पुन्हा २५ करावा लागतो. म्हणून डीव्हीडी करायची असेल तर आवाजच बदललेला बरा.

लांबी जुळल्यावर पुन्हा तीन जागी मोजावे. आता तिन्ही आकडे सारखे यायला हवेत. जो थोडा फरक उरेल तो पहिल्या प्रकारचा, आवाज सरकवून जाणारा.

प्रकार तिसरा: मध्येच उडी

जुन्या कॅसेटमध्ये हा प्रकार सर्वांत जास्त दिसतो. जिथे कॅमेरा बंद करून पुन्हा सुरू केला, जिथे फीत चुरगळली किंवा बुरशी लागली, तिथे चित्राचा सिग्नल क्षणभर तुटतो. टीव्हीवर ते नुसते थरथरल्यासारखे दिसते. कॅप्चर कार्ड मात्र त्या फ्रेम सोडून देते. आवाज चालूच राहतो. २५ फ्रेम गळल्या की चित्र एक सेकंदाने आखडते आणि तिथून पुढे आवाज एक सेकंद मागे राहतो.

दोष संगणकाचाही असू शकतो. कॅप्चर चालू असताना अँटिव्हायरसने तपासणी सुरू केली, हार्ड डिस्क भरत आली किंवा त्याच वेळी कोणी इंटरनेट वापरत बसले तरी फ्रेम गळतात. व्हर्च्युअलडबच्या कॅप्चर खिडकीत गळलेल्या फ्रेमचा आकडा दिसत राहतो. त्यावर नजर ठेवली तर दोष तिथल्या तिथे कळतो.

उत्तम इलाज म्हणजे पुन्हा कॅप्चर. त्याआधी एवढे करावे:

• व्हीसीआरचे हेड साफ करून घ्यावे. कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवून घ्यावी, म्हणजे फितीचा ताण सारखा होतो. फितीवर पांढरी बुरशी दिसत असेल तर मात्र ती व्हीसीआरमध्ये घालूच नये. बुरशी हेडला लागते आणि पुढच्या कॅसेटवर जाते. अशी कॅसेट जाणकाराकडूनच साफ करून घ्यावी.
• चित्र आणि आवाज दोन्ही एकाच उपकरणातून घ्यावेत.
• कॅप्चरच्या वेळी संगणकावर दुसरे काहीही चालू ठेवू नये. यूएसबी उपकरण हबला न लावता थेट संगणकाला लावावे.
• शक्य असेल तर मध्ये टाइम बेस करेक्टर जोडावा. हे उपकरण तुटक सिग्नल सावरून कॅप्चर कार्डाला नियमित फ्रेम पुरवते. काही चांगल्या व्हीसीआरमध्ये आणि डिजिटल कॅमेऱ्यांमध्ये ते आतच असते.

पुन्हा कॅप्चर करणे शक्य नसेल तर ज्या-ज्या ठिकाणी उडी आहे तिथे फाइलचे तुकडे करावेत आणि प्रत्येक तुकड्याचा आवाज वेगळा सरकवून जोडावा. काम वेळखाऊ आहे, पण होते. तुकड्यांची जोडणी दृश्य बदलते तिथेच ठेवली की ती कोणाच्या लक्षातही येत नाही.

डीव्हीडी करताना होणारे घोळ

फाइल जुळलेली असूनही डिस्क झाल्यावर सिंक जातो, असेही होते. त्याची कारणे ठरलेली आहेत.

पहिले कारण मोबाइल. मोबाइलवर घेतलेल्या व्हिडिओचा फ्रेम रेट अनेकदा बदलता असतो. उजेड कमी झाला की फोन फ्रेम कमी करतो. डीव्हीडीला हे चालत नाही. मीडियाइन्फो या मोफत सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडल्यावर फ्रेम रेटच्या पद्धतीपुढे 'व्हेरिएबल' लिहिलेले दिसले, तर आधी हँडब्रेकमध्ये 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' निवडून ती बदलून घ्यावी.

दुसरे कारण एव्हीआय फाइलमधला बदलत्या बिटरेटचा एमपीथ्री आवाज. एव्हीआय ही रचना त्यासाठी बनलेली नाही, त्यामुळे काही सॉफ्टवेअर आवाजाची लांबीच चुकीची मोजतात. असा आवाज आधी साध्या वेव्ह फाइलमध्ये, ४८,००० सॅम्पल रेटने काढून घ्यावा आणि मग तोच डीव्हीडीच्या सॉफ्टवेअरला द्यावा.

तिसरे कारण नको इतका बिटरेट. डीव्हीडीवर चित्राला सेकंदाला जास्तीत जास्त ९.८ मेगाबिट मिळू शकतात. पण घरी बर्न केलेली डिस्क या टोकाला नेली तर जुने प्लेअर अडखळतात आणि अडखळल्यावर आवाज-चित्राची साथ सुटते. ८ मेगाबिटच्या वर जाऊ नये. ४.७ जीबीच्या एका डिस्कवर दोन तास बसवायचे असतील तर बिटरेट ५ च्या आसपास येतो, आणि व्हीएचएसच्या चित्राला तो पुरतो.

पाल डीव्हीडीसाठी लक्षात ठेवायचे आकडे इतकेच: चित्र ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम, आवाज ४८,००० सॅम्पल. सगळ्या फाइल या मापात आणून मगच डीव्हीडी बनवायला घ्यावी. वेगवेगळ्या मापांच्या फाइल एकत्र टाकून सगळे सॉफ्टवेअरवर सोडून दिले की घोळ होतो.

बर्न करण्यापूर्वी

आधी पुन्हा लिहिता येणाऱ्या डिस्कवर, म्हणजे डीव्हीडी-आरडब्ल्यूवर, प्रत काढावी. ती टीव्हीवर लावून त्याच तीन जागा तपासाव्यात आणि जमल्यास दुसऱ्या प्लेअरवरही पाहावी. सगळे जुळले की मग साध्या डिस्कवर हव्या तेवढ्या प्रती काढाव्यात.

पुढे कधी नवे चित्रीकरण करताना आवाज वेगळा घ्यायचा असेल, तर सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक आणि शेवटी एक टाळी वाजवावी. सिनेमाच्या सेटवरची क्लॅपची पाटी हेच काम करते. दोन टाळ्या असल्या की स्थिर फरकही मोजता येतो आणि घसरणही.

डीव्हीडी तयार झाली म्हणून कॅसेट फेकून देऊ नये, आणि कॅप्चर केलेली मूळ फाइलही पुसू नये. डीव्हीडीवरचे चित्र एमपेग-२ मध्ये दाबलेले असते. त्यात नंतर चूक सापडली तर दुरुस्ती करताना दर्जा आणखी घसरतो. मूळ फाइल असेल तर आवाज कधीही पुन्हा जुळवता येतो. ती दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवावी.

घाई करायची असेल तर ती एकाच कामाची करावी, आणि ते म्हणजे कॅप्चर. व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या मोठ्या कंपनीने, जपानच्या फुनाईने, २०१६ च्या जुलैमध्ये उत्पादन थांबवले. चालू यंत्रे दरवर्षी कमी होत आहेत आणि कपाटातल्या फिती जुन्या होत आहेत. सिंकची दुरुस्ती सावकाश, पुढच्या वर्षी केली तरी चालते. फितीवरून निघून गेलेला आजीचा आवाज मात्र कोणत्याही सॉफ्टवेअरला परत आणता येत नाही.